मधला रिकामा खण

चावी माझ्याकडे होती. ही गोष्ट मी कधीच लपवली नाही, आणि सगळं बिघडलं ते त्यामुळेच.

थांबा. चावीपासून सुरुवात केली की मी चोर वाटतो. गावालाही तसंच वाटलं. कपाटापासून सांगतो.

कार्व्हर क्रीक या आमच्या लहानशा गावाच्या वाचनालयात, दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, काचेचं एक कपाट आहे. त्यात नऊ खण. दर उन्हाळ्यात ते गावातल्या कुठल्यातरी मंडळाला मिळतं. गेल्या वर्षी गोधड्या शिवणाऱ्या बायकांना मिळालं होतं, त्याच्या आदल्या वर्षी लाकडी बदकं कोरणाऱ्यांना. यंदा बेसबॉल खेळाडूंची छापील कार्डं जमवणाऱ्या आमच्या कार्ड मंडळाचा नंबर लागला. खण नऊ, मैदानावरचे खेळाडूही नऊ. हा योगायोग आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही.

प्रश्न साधा होता. बेसबॉलची मानाची नऊ कार्डं कोणती?

मंडळात आम्ही चौघे. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्यांवर बसतो. कार्डाच्या मागे खेळाडूची माहिती असते, तशी त्या तिघांची देतो, म्हणजे पुढे गोंधळ नको.

*मर्ल पॉटर. हार्डवेअरचं दुकान. उजव्या हाताने मोजतो, डाव्या भुवईने बोलतो. 'माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये काय आहे ते विचारू नका' हे वाक्य तीस वर्षं सलग. कुणी विचारलं नाही तरी.*

*लू डिमार्को. न्हावी. स्वतःचं डोकं तुळतुळीत. मतं भरपूर, पुरावे शून्य.*

*रेजी टॉलिव्हर. निवृत्त, शाळेत बीजगणित शिकवायचा. कारकिर्दीत एकही चूक मान्य केल्याची नोंद नाही.*

मी वर्न स्टाल. माझं कार्ड पुढे येईल, त्याची वेळ झाली की.

"मान म्हणजे दुर्मीळ," मर्लने सुरुवात केली. "जे कुणाकडे नाही ते सगळ्यांत मोठं."

"मग माझे केस ठेव कपाटात," लू म्हणाला. "मान म्हणजे जे बायकोलासुद्धा ओळखू येतं. माझ्या टेरेसाला पोप ओळखू येतो आणि बावन्न सालच्या कार्डावरचा मँटल ओळखू येतो. तिसरा माणूस नाही."

"मान म्हणजे ज्याच्या आधीचा देश वेगळा आणि नंतरचा वेगळा," रेजी म्हणाला. "जॅकी रॉबिन्सन. गोऱ्यांच्या संघात उतरलेला पहिला काळा खेळाडू. याच्यापुढे बोलायचं काही कारण नाही." आणि तो बराच वेळ बोलला.

मी अध्यक्ष असल्यामुळे मला मत नव्हतं, तरीही मी दिलं. मी म्हणालो की मान म्हणजे जे कार्ड लहानपणी हातात धरून झोपलो ते. यावर तिघांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बाळंतिणीच्या खोलीत शिरलेल्या फिरत्या विक्रेत्याकडे बघतात.

मँटल झाला, रॉबिन्सन झाला, बेब रूथ झाला. एकोणनव्वद सालच्या ग्रिफीच्या कार्डावरून मात्र खुर्च्या सरकल्या. त्या वर्षी अर्ध्या देशाने ते कार्ड खोक्यांनी भरून ठेवलं होतं, त्यावर मुलांचं कॉलेज निघेल म्हणून. मुलं कर्ज काढून कॉलेजला गेली. ग्रिफी अजून माळ्यावर हसतो आहे.

"माझ्याकडे चाळीस आहेत," लू म्हणाला. "ज्याचे चाळीस आहेत त्याला कसला मान?"

"तुझ्याकडे मतंही चाळीस आहेत," रेजी म्हणाला. "तरी आम्ही ऐकतोच ना."

त्यानंतर लू आणि रेजी एकमेकांशी बोलेनात. माझ्यामार्फत बोलू लागले. 'वर्न, त्याला सांग कॉफी संपली आहे.' कॉफीचं भांडं त्या दोघांच्या मधोमध होतं. अशा वातावरणात आठ खण भरले.

उरला मधला.

मधल्याबद्दल वाद नव्हताच. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिगारेटच्या पाकिटातून निघणारा होनस वॅग्नर. नारिंगी पार्श्वभूमी, मधोमध भांग, आगपेटीपेक्षा थोडंसं मोठं कार्ड. त्याची छपाई अर्ध्यातच थांबली. का थांबली यावर वाद आहेत, पण ते आज नकोत, मला हे संपवायचं आहे. जगात मोजक्या प्रती उरल्या. एका प्रतीच्या किमतीत आमचं वाचनालय, चर्च आणि लूचं दुकान घेऊन वर कॉफी पाजता येईल. वॅग्नरशिवाय नऊ म्हणजे नवऱ्याशिवाय वरात. पण नवरा आणायचा कुठून?

"रंगीत झेरॉक्स लावू," लू म्हणाला.

मर्लने डोळे मिटले. रेजी पहिल्यांदाच लूशी थेट बोलला, "तू आत्ता जे म्हणालास ते चर्चमध्ये म्हणालास."

नकली कार्ड! संग्राहकाच्या घरात माणूस खोटा चालतो, कार्ड नाही. शेवटी एकमताने ठराव झाला, आमच्या इतिहासातला पहिला आणि शेवटचा, की मधला खण रिकामा ठेवायचा. रिकामा म्हणजे सन्मानाने रिकामा. आत निळं मखमल, वर छोटा दिवा, खाली पितळी पाटी: 'होनस वॅग्नर'. तो असा दिसला:

[                    ]

आम्ही चौघे टोप्या काढून उभे राहिलो. लूने डोळे पुसले. मी कुलूप लावलं, आणि एकमेव चावी खिशात टाकली, कारण मी विमा एजंट आहे, आणि गावात जपून ठेवायची वस्तू माझ्याकडे सोपवायची पद्धत आहे. किंवा होती.

'हे कार्ड आमच्याकडे नाही' असं लिहिलेली चिठ्ठी लावायचं कुणालाही सुचलं नाही. सुचणार कसं? कार्व्हर क्रीकच्या वाचनालयात वॅग्नर असेल असं मानणारा माणूस जगात असू शकतो, हेच आमच्या डोक्यात येईना. सगळ्या जगाला आमच्याइतकं कळतं, अशी आमची समजूत. चार संग्राहक एकत्र बसले की ही समजूत वाढते.

शनिवारी तळ्याकडे निघालेलं एक पाहुणं कुटुंब लघवीसाठी वाचनालयात थांबलं. त्यांतल्या गृहस्थाने विचारलं, "मधलं कार्ड कुठे गेलं?"

ग्रंथपाल लँट्झबाई. देवमाणूस. आयुष्यात कधी मैदानाकडे फिरकल्या नाहीत. त्यांनी पाटी बघितली, दिवा बघितला, मखमल बघितलं. मग कॉम्प्युटरवर त्या कार्डाची किंमत बघितली. मग त्या खाली बसल्या. खुर्चीवर नाही, खाली. मग शेरीफच्या कचेरीत फोन गेला.

शेरीफची डेप्युटी ग्वेन रॅडक्लिफ माझ्या ऑफिसात आली तेव्हा मी मिसेस ओडेल यांना गारपिटीचा विमा समजावत होतो. डेप्युटीने टोपी काढली नाही. ती टोपी काढत नाही तेव्हा काम सरकारी असतं.

"मिस्टर स्टाल, कपाटाची चावी कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"दुसरी?"

"दुसरी नाही."

"शेवटचं कपाट कुणी उघडलं?"

"मीच."

"तेव्हा मधल्या खणात कार्ड होतं?"

"नव्हतं."

तिने लिहून घेतलं. मिसेस ओडेल यांनी आपली पर्स मांडीवर घेतली.

"म्हणजे तुमच्या आधीच कुणी नेलं म्हणता?"

"अहो, नेलं नाही! ते कधी नव्हतंच!"

"नव्हतं, तर दिवा कुणावर सोडला होता?"

या प्रश्नाला उत्तर आहे. चांगलं उत्तर आहे. पण टोपी घातलेल्या डेप्युटीसमोर 'आम्ही अनुपस्थितीचा सन्मान केला' हे वाक्य तोंडातून निघेना. निघालं तेव्हा मला स्वतःलाच ते कबुलीजबाबासारखं ऐकू आलं.

मिसेस ओडेल उठल्या. "गारपिटीचं नंतर बघू हं, वर्न," म्हणाल्या. त्यांचा मुलगा शेजारच्या गावात विमा विकणाऱ्याला ओळखतो, हेही त्यांनी दारातून जाता जाता सांगितलं.

मी त्याच दिवशी कचेरीत जाऊन तक्रार रद्द करा म्हणालो.

"तक्रार मालकच मागे घेऊ शकतो," खिडकीतल्या बाईंनी सांगितलं.

"मालक नाहीच."

"मग मालक सापडेपर्यंत तपास चालू राहील."

"पण वस्तूच नाही!"

"हो ना, म्हणूनच तपास आहे."

मी लँट्झबाईंकडे गेलो. त्यांना रडू आवरेना. तक्रार त्यांनी केली होती, पण आता ती वाचनालयाच्या विश्वस्त मंडळाची झाली होती. मंडळाच्या नियमात स्पष्ट लिहिलेलं की कपाटात मांडलेली प्रत्येक वस्तू वाचनालयाच्या ताब्यात असते. "आणि पाटी तर मांडलेली आहे ना, वर्न." पाटी होती, म्हणजे वस्तू होती. वस्तू नाही, म्हणजे गेली. गेली, म्हणजे चावी. बीजगणितात याला काय म्हणतात ते रेजीला विचारा.

मला एक उपाय सुचला. आम्ही चौघांनी एका कागदावर सही करून 'कार्ड मंडळाकडे वॅग्नर कधीच नव्हता' असं लिहून दिलं की संपलं! पाच मिनिटांचं काम. मी कागद घेऊन निघालो.

रेजीने कागद दोनदा वाचला. "मी वॅग्नर पाहिला नाही, एवढं मी लिहून देतो. तो कधीच नव्हता, हे वेगळं विधान आहे. ते मला सिद्ध करता येणार नाही."

"रेजी, मी तुरुंगात जाईन रे!"

"ते तिसरं विधान आहे."

लूने मला खुर्चीत बसवलं, मानेभोवती कापड गुंडाळलं, मगच बोलला. "सही करतो रे. पण पुढच्या आठवड्यात. सध्या माझ्या दुकानात बसायला जागा नाही. लोक टोलेडोहून येतात. 'तुम्ही त्या वॅग्नर मंडळातले का?' म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला कशातला तरी समजतंय. आणि ऐक, केस बारीक करू नकोस. बारीक केसांत माणूस गुन्हेगार दिसतो."

मर्लने कागद हातातसुद्धा घेतला नाही. खिळ्यांच्या डब्यांमागे उभा राहून डावी भुवई उचलली. "काही गोष्टी माणसाने लिहून द्यायच्या नसतात, वर्न."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काहीच नाही." आणि तो असा हसला, की गिऱ्हाईक म्हणून उभ्या असलेल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कार्ड मर्लचं होतं, तो बिचारा मोठ्या मनाने बोलत नाही, आणि वर्नने त्याचा घात केला.

*वर्न स्टाल. विमा. उंची मध्यम, झपाट्याने कमी होत चाललेली. मागील मोसम: प्रामाणिक. हा मोसम: बारा पॉलिसी गेल्या, एकही आली नाही. हिटिंग: काहीच नाही. कॅचिंग: नुसते टोमणे.*

घरी डोरीनने, म्हणजे बायकोने, एकच प्रश्न विचारला. "तू घेतलं नाहीस ना?"

"डोरीन!"

"विचारलं फक्त. घेतलं असतंस तर स्वयंपाकघराची फरशी बदलून घेतली असती."

कुंपणापलीकडचा शेजारी रोज हिरवळीला पाणी घालताना सल्ला देई. सोमवारी म्हणाला, वकील कर. मंगळवारी म्हणाला, वकील केलास तर लोकांना खात्रीच पटेल. बुधवारी काही बोलला नाही, फक्त आपल्या गॅरेजला कुलूप लावलं. तो राहायला आल्यापासून त्या गॅरेजला मी कधी कुलूप बघितलं नव्हतं. आत हिरवळ कापायचं मोडकं यंत्र आहे. मला सांगा, त्यापेक्षा हातकडी बरी नव्हे?

आणि पॅनकेकची न्याहारी! दर वर्षी अग्निशामक दलाच्या मदतीसाठी गाव पॅनकेक खातं, आणि दारातल्या पैशांच्या पेटीवर मी बसतो. माझ्या वडिलांनंतर मीच. यंदा पेटीवर दुसराच. "वर्न, तू आज सिरप बघ ना," दलाचा सेक्रेटरी म्हणाला, भिंतीकडे बघत. मी सिरप बघितलं. लोक येत, बाटली घेत, बाटली परत ठेवताना ती ठेवली आहे हे मला दाखवून ठेवत. त्या दिवशी मला कळलं की विमा एजंटकडे विकायला दुसरं काहीच नसतं. कागद कंपनीचा, पैसे कंपनीचे. त्याच्याकडे फक्त नाव असतं. माझं आता सिरपने चिकट झालं होतं.

शेवटी विश्वस्त मंडळाची जाहीर सभा लागली. वाचनालयातच, कपाटासमोर. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक मुलांच्या विभागातल्या बुटक्या स्टुलांवर गुडघे छातीशी घेऊन बसले. मधल्या खणातला दिवा चालूच होता. तो बंद करायला कपाट उघडावं लागतं, आणि कपाट आता पुरावा होतं.

डेप्युटीने टोपी सरळ केली. "एक गोष्ट स्पष्ट करते. आज या कार्डाचा मालक पुढे आला नाही, तर वस्तू कुणाचीच नव्हती असं धरून मी प्रकरण निकालात काढणार. आला, तर मिस्टर स्टाल यांना माझ्याबरोबर यावं लागेल. तर, मालक इथे आहे का?"

डोरीनने माझा हात धरला. मी मनात आकडे मोजू लागलो. डेप्युटीने वही मिटायला घेतली.

एक खुर्ची करकरली.

मर्लची.

मला वाटतं, त्याला उठायचं नव्हतं. पण सगळं गाव एका जागी, सगळं गाव मागे वळून त्याच्याकडेच बघतंय, आणि गावाच्या नजरेत तीस वर्षांचं ते लॉकर. मर्लचे पाय मर्लला न विचारता उभे राहिले.

"समजा," तो म्हणाला, "मी म्हणालो, की माझं होतं."

सभेतून 'आऽऽ' असा आवाज निघाला. डोरीनने माझा हात सोडला. डेप्युटी माझ्या दिशेने एक पाऊल सरकली.

"मर्ल!" मी ओरडलो. "माझ्या डोळ्यांत बघून सांग!"

तो डोळ्यांत बघेना. डेप्युटीने पेन काढलं. "वर्णन सांगा, मिस्टर पॉटर. पुढची बाजू इंटरनेटवर सगळ्यांनी पाहिली आहे. मागे काय होतं?"

त्या जुन्या कार्डांच्या मागे तंबाखूच्या कुठल्यातरी ब्रँडची जाहिरात असते. मर्लने छताकडे बघितलं.

"पांढरं अस्वल," तो म्हणाला. "पोलर बेअर तंबाखू."

आणि मग जे झालं, ते मी आजही कुणाला नीट समजावून सांगू शकत नाही. रेजी उभा राहिला. लू उभा राहिला. आणि मी, ज्याला दोन मिनिटांत गाडीत बसवणार होते, तोही ताडकन उभा राहिलो.

"काय म्हणालास?" रेजीने विचारलं.

"अस्वल?" लू म्हणाला. "वॅग्नरच्या पाठीवर अस्वल?"

"मर्ल," मी म्हणालो, "त्याच्या मागे फक्त दोन ब्रँड सापडतात! दोन! हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे!"

"मिस्टर स्टाल, खाली बसा, तुम्ही संशयित आहात," डेप्युटी म्हणाली.

"संशयित आहे, पण बहिरा नाही! अस्वल म्हणतोय तो!"

रेजी हळूहळू मर्लपर्यंत चालत गेला. नापास मुलाची उत्तरपत्रिका परत देताना तो असाच चालत असणार. "मर्ल, मी तुला खोटारडा म्हणत नाही," तो अतिशय मायेने म्हणाला. "माझं एवढंच म्हणणं आहे, की इतकी वर्षं तू आमच्यात बसलास, आणि तुला कार्डांतलं काहीच कळत नाही."

मर्लचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, मग कुठल्याच रंगाचा राहिला नाही. त्याने लूकडे बघितलं. लूने मान फिरवली. गावाकडे बघितलं. गावाला काही समजलं नव्हतं, गाव अजून त्याला वॅग्नरचा मालक समजत होतं. आता बसला असता तर जन्मभर तसंच समजत राहिलं असतं. फक्त तीन माणसांनी त्याला अडाणी मानलं असतं.

"मी खोटं बोललो!" मर्ल गरजला. "ऐकलंत? माझ्याकडे कार्ड नव्हतं! कधीच नव्हतं! लॉकरमध्ये आईचे कानातले आहेत! अस्वल मी मुद्दाम म्हणालो, कारण खऱ्या प्रती कुठे कुणाकडे आहेत ते या तिघांना तोंडपाठ आहे. त्यातली सांगितली असती तर लगेच पकडलं असतं! म्हणून जी जगात नाही ती सांगितली! खोटारडा म्हणा, खुशाल म्हणा! पण मला पाठी माहीत नाहीत म्हणता? मला?"

आणि त्याने दोन्ही पाठी म्हणून दाखवल्या. ब्रँडची नावं, कारखान्यांचे क्रमांक, कुठल्या पाठीच्या किती कमी उरल्या, सगळं. एक श्वास, एक चूक नाही. रेजी डोळे मिटून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर." मर्ल खाली बसला आणि तोंड ओंजळीत लपवून रडला. लूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

गाव मात्र माझ्याकडे वळलं. डेप्युटीने टोपी काढली.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण प्रकरण मिटवायचा कागद असतो, आणि त्यावर दोनच चौकोन असतात. 'वस्तू सापडली' आणि 'वस्तू सापडली नाही'. डेप्युटीने तो माझ्यासमोर ठेवला.

"नाही सापडली म्हटलं तर प्रकरण उघडंच राहतं," ती म्हणाली. "तुमच्या नावासकट. तिसरा चौकोन छापलेला नाही. मी काय करू?"

मी आयुष्यभर लोकांना बजावत आलो आहे, की छापील कागदावर खोटा शब्द लिहू नका, कंपनी एक दिवस येते. सगळे थांबले होते. डोरीन खुणेने 'सापडली, सापडली' सांगत होती. मी पेन घेतलं, 'सापडली' वर खूण केली, आणि हात थांबला, कारण खाली ओळ होती: 'कोठे?'

मी लिहिलं: 'मर्ल पॉटरच्या डोक्यात.'

डेप्युटीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. 'मूळ मालकाच्या ताब्यात दिली काय?'

मी मर्लकडे बघितलं. तो डोळे पुसत रेजीला सांगत होता की अमुक पाठीची प्रत दिसते त्याहून दुर्मीळ आहे, आणि रेजी म्हणत होता की ते सिद्ध करता येणार नाही.

'होय,' मी लिहिलं. 'सुस्थितीत.'